कोलेस्टेरॉलचा पंधरवडा

महाराष्ट्रातील नोकरदाराच्या वर्षात काही पंधरवडे पंचांगात छापलेले असतात आणि काही नसतात. न छापलेल्यांपैकी सर्वांत कडक रीतीने पाळला जाणारा पंधरवडा म्हणजे कंपनीच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीपूर्वीचे दोन आठवडे होत. एरवी डब्यातील भाजीवरचा तवंग पोळीने टिपून खाणारा मनुष्य या काळात तोच तवंग चमच्याने बाजूला सारतो, कॅन्टीनमधील वड्यांच्या परातीकडे पाठ करून बसतो, आणि लिफ्टच्या दारापर्यंत जाऊन काहीतरी आठवल्यासारखे करून जिन्याकडे वळतो. या वर्तनाचे मूळ वैराग्यात नसून एका आकड्यात असते. गेल्या वर्षीच्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉलसमोर ठळक ठशात २३८ आणि त्याच्या शेजारी ‘एच’ हे अक्षर छापलेले असते, तो अहवाल वर्षभर कपाटात साड्यांच्या घडीखाली पडून राहिलेला असतो, आणि मनुष्यबळ विभागाची नवी सूचना फलकावर लागताच त्याची सर्वांना एकदम आठवण होते.

कारखान्यांच्या बोलीत जिला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात ती तपासणी मूळची कामगारहिताची आहे. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ साली, म्हणजे भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर तीन वर्षांच्या आत, जी दुरुस्ती झाली तिने कलम ४१-सी घातले, आणि धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यातील कामगाराची काम देण्यापूर्वी व त्यानंतर बारा महिन्यांहून अधिक खंड न पडू देता वैद्यकीय तपासणी करण्याची जबाबदारी भोगवटादारावर, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात असतो त्याच्यावर, टाकली. फुप्फुसात साचणारी धूळ, कानावर आदळणारा आवाज आणि कातडीत मुरणारे रसायन यांचा वेळीच माग लागावा हा त्यामागचा हेतू होता. ही प्रथा भोसरी-चाकणच्या शेडांमधून हिंजवडीच्या वातानुकूलित इमारतींत पोचेपर्यंत धूळ, आवाज आणि रसायन वाटेतच राहिले, आणि दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसणाऱ्या देहात शोधण्यासारखे जे उरले ते कोलेस्टेरॉल. कलम ४१-सी मध्ये त्याचे नावही नव्हते. तरीही तपासणीच्या आदल्या रात्री जिच्यामुळे झोप उडते ती लिपिड प्रोफाइल नावाची चाचणीच होय, श्रवणमापन नव्हे.

याचे कारण असे की तपासणीच्या बाकीच्या विषयांची तयारी करता येत नाही. उंची वाढवता येत नाही, छातीचा एक्स-रे जसा निघायचा तसा निघतो, आणि डोळ्यांच्या तक्त्यावरील शेवटची ओळ रांगेत उभे असताना पाठ करण्याचा प्रयत्न झाला तरी तंत्रज्ञ तो तक्ता बदलतो. कोलेस्टेरॉलचे तसे नाही. ते खाण्याशी जोडलेले आहे, खाणे हातात आहे, आणि म्हणून आकडाही हातात आहे अशी सर्वांची पक्की समजूत असते. शिवाय मराठी घरात तपासणी या गोष्टीकडे निदान म्हणून पाहण्याची सवय नाही. तिच्याकडे परीक्षा म्हणूनच पाहिले जाते. वेळापत्रक लागल्यावर अभ्यासाला बसावे, गाइडे गोळा करावीत, शेवटची रात्र जागून काढावी आणि पेपर संपताच सगळे विसरून जावे, हे शालान्त परीक्षेत अंगवळणी पडलेले तंत्र मध्यमवयीन परीक्षार्थी आपल्या रक्तवाहिन्यांनाही लावतो, आणि ‘मला किती, तुला किती’ हा निकालानंतरचा संवादही तसाच शिल्लक राहतो.

या परीक्षेचा अभ्यासक्रम मात्र फार थोड्यांनी वाचलेला असतो. कोलेस्टेरॉल हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ असून पेशींची आवरणे, काही संप्रेरके, पित्तातील आम्ले आणि ड जीवनसत्त्व यांच्या घडणीत तो लागतोच, त्यामुळे तो शून्यावर आणण्याची महत्त्वाकांक्षा ही मरणाची महत्त्वाकांक्षा ठरेल. तो रक्तात विरघळत नाही, म्हणून प्रथिनांच्या वेष्टनात बांधून वाहून नेला जातो. या गाठोड्यांना लिपोप्रोटीन म्हणतात. त्यांपैकी कमी घनतेचे ते एलडीएल, जे प्रमाणाबाहेर वाढले की रोहिणींच्या भिंतीत शिरून साचते आणि म्हणून ‘वाईट’ ठरते. जास्त घनतेचे ते एचडीएल, जे उरलेसुरले कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेते आणि म्हणून ‘चांगले’ ठरते. यांच्या जोडीला ट्रायग्लिसराइड, म्हणजे खाल्लेल्या पण न वापरलेल्या ऊर्जेची रक्तातून फिरणारी चरबी, मोजली जाते. एकूण कोलेस्टेरॉल एक डेसिलिटर रक्तात २०० मिलिग्रॅमच्या खाली असले तर बरे, २०० ते २३९ असले तर सीमेवर आणि २४० वा त्याहून अधिक असले तर वाढलेले, अशी ढोबळ वाटणी बहुतेक अहवालांच्या उजव्या रकान्यात बारीक ठशात दिलेली असते. परीक्षार्थी ती वाचत नाही. गुण जितके कमी तितका क्रमांक वर एवढेच त्याला ठाऊक असल्यामुळे एचडीएल ३४ आल्याचे पाहून ‘हेसुद्धा कमीच आहे’ म्हणून समाधान मानणारे आढळतात. पुरुषात हा आकडा ४० च्या आणि स्त्रीत ५० च्या खाली जाणे हीच काळजीची बाब आहे, हे त्यांना सांगणाऱ्यावर वातावरण बिघडवल्याचा आरोप येतो.

आहारातील चरबी आणि रोहिणीतील साका यांचा संबंध ज्या प्रयोगाने प्रथम ठसठशीतपणे पुढे आणला तो १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव यांनी केला. त्यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि काही आठवड्यांत त्या सशांच्या रोहिणी माणसाच्या रोगट रोहिणींसारख्या दिसू लागल्या. ससा हा जन्मजात शाकाहारी प्राणी असल्याने अशा खुराकापुढे त्याचे काही चालले नाही. कुत्र्यांवर व उंदरांवर तोच खुराक तितका चढत नाही असे आढळले, आणि माणूस सशाच्या अधिक जवळचा की कुत्र्याच्या या प्रश्नावर वैद्यकाने पुढची अनेक दशके घालवली. आजचे उत्तर असे की माणसाच्या रक्तातील बहुतांश कोलेस्टेरॉल त्याच्या स्वतःच्या शरीरात, मुख्यतः यकृतात, तयार होते. ताटातून थेट येणाऱ्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबी, म्हणजे तूप, लोणी, खोबरेल, पामतेल यांत मुबलक असणारी चरबी, एलडीएल अधिक वाढवते, कारण तिच्यामुळे यकृताची रक्तातून एलडीएल उचलून घेण्याची क्षमता मंदावते. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शिकेने दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा २०१५ च्या आवृत्तीत वगळली ती याच विचाराने. ही बातमी परीक्षार्थींपर्यंत अर्धीच पोचली. अंड्याचा बलक निर्दोष सुटला एवढे त्यांनी ऐकले, आणि तो लोण्यात परतलेल्या पावाबरोबर खाण्यास सुरुवात केली.

सूचना लागल्यापासून पहिले तीन दिवस संशोधनाचे असतात, आणि या काळात प्रत्येक कार्यालयात चार संप्रदाय उघड होतात. पहिला तेलपंथी होय. वाढत्या आकड्याचे खापर तो शेंगदाणा तेलावर फोडतो आणि घरात एकाच वेळी करडई, सूर्यफूल, राईस ब्रान व ऑलिव्ह यांचे डबे येऊन पडतात. ज्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे हिरव्या अक्षरांत लिहिलेले असते त्याला अग्रपूजेचा मान मिळतो, वास्तविक वनस्पतीपासून काढलेल्या कोणत्याही तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते, आणि हे सत्य ज्यात जवळजवळ नऊदशांश चरबी संपृक्त आहे त्या खोबरेल तेलालाही तितकेच लागू पडते. तेल कोणतेही असले तरी एका मोठ्या चमच्यात सुमारे सव्वाशे कॅलरी असतात, ही गोष्ट डब्यावर अर्थातच हिरव्या अक्षरांत नसते. शिवाय तेल बदलले म्हणून फोडणीचा हात बदलत नाही. उलट ‘हे चालतं’ अशी ग्वाही मिळाल्याने वांग्याच्या काचऱ्या पूर्वीपेक्षा अधिक निर्भयपणे पोहू लागतात.

दुसरा रसपंथी. याची सकाळ दुधी भोपळ्याचा रस, आवळ्याचा रस, गव्हांकुराचा रस आणि लिंबू-मध-कोमट पाणी यांच्या कोणत्या ना कोणत्या मिश्रणाने उजाडते, आणि या मिश्रणाची चव जितकी वाईट तितका गुण अधिक अशी त्याची श्रद्धा असते. या श्रद्धेला एका ठिकाणी आवर घालणे भाग आहे. दुधी कडू लागला तर त्यात कुकुर्बिटॅसिन नावाची विषारी द्रव्ये वाढलेली असतात, त्यांनी उलट्या, रक्तस्राव आणि प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो, आणि कडू दुधीचा रस मुळीच पिऊ नये असा इशारा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी दिलेला आहे. ‘कडू आहे, म्हणजे लागू पडतंय’ हे तत्त्व इथे जिवावर बेतणारे आहे. कोलेस्टेरॉलने वीस वर्षांत जे केले असते ते दुधी एका सकाळी करू शकतो.

तिसरा चूर्णपंथी. मेथीदाणे, लसणाच्या पाकळ्या, अर्जुनाची साल, दालचिनी आणि जवस यांच्या बरण्या त्याच्या टेबलावर संगणकाशेजारी मांडलेल्या असतात. यांपैकी काहींचा अल्पसा उपयोग होतोही, परंतु पंधरा दिवसांत तो दाखवण्याची जबाबदारी सकाळी अनशापोटी गिळलेल्या दोन पाकळ्यांवर टाकली गेल्याने परिणाम मुख्यतः शेजारच्या खुर्चीवर होतो. चौथा ओट्सपंथी, आणि शास्त्राच्या बाजूने पाहता तोच थोडाफार खऱ्याच्या जवळ असतो. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विद्राव्य तंतू, म्हणजे पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा चोथा, असतो. तो आतड्यात पित्ताची आम्ले अडकवून शरीराबाहेर नेतो, ती भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते, आणि रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन सलग काही आठवडे पोटात गेले तर एलडीएल सुमारे पाच-सात टक्क्यांनी उतरते. तीन ग्रॅमसाठी कोरडे ओट्स सुमारे पाऊणशे ग्रॅम लागतात, एकमाणशी मसाला पाकिटात साधारण याच्या निम्मे असतात, आणि त्यातही परीक्षार्थी वरून शेव घालतो. हाच विद्राव्य तंतू मटकी, राजमा, भेंडी, पेरू आणि इसबगोल यांतही असतो; पण मटकीला मराठी माणूस एकटे कधी ताटात येऊच देत नाही, ती तर्री, फरसाण आणि पाव यांच्या घोळक्यातच यायची.

खाणे बदलून भागत नाही असे दिसू लागले की उपवासाचा मार्ग निघतो, आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या समाजाने स्वतःबद्दलच रचली त्या समाजात हा मार्ग कोठे पोचतो ते वेगळे सांगावयास नको. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात दाण्याचे कूट, साजूक तूप आणि बटाटा पडून खिचडी होते, तिच्यामागून बटाट्याचा कीस, शिंगाड्याचा शिरा आणि केळ्याचे वेफर येतात. झटपट पचणारा स्टार्च गरजेपेक्षा अधिक झाला की यकृत त्याचे ट्रायग्लिसराइड करते, तेव्हा पंधरवड्यातील एकादशी आणि चतुर्थी दोन्ही धरणाऱ्याचा हा आकडा पुण्याच्याच प्रमाणात वाढण्याचा संभव असतो. याच्या उलट खरोखरच काही न खाता दिवसच्या दिवस काढणारा एखादा करारी मनुष्य निघतो. त्याची फसगत निराळी. लांबलेल्या निरंकार उपवासात शरीर साठवलेली चरबी मोडू लागते आणि एलडीएल उतरण्याऐवजी वर जाऊ शकते. अशा रीतीने ज्याने खाऊन उपवास केला तो आणि ज्याने न खाता केला तो, दोघेही शेवटी एकाच रांगेत, एकाच तक्रारीसह उभे राहतात.

व्यायामाचेही तसेच. वर्षभर वाहनतळापासून खुर्चीपर्यंतचे अंतर हाच ज्याचा व्यायाम होता असा परीक्षार्थी तपासणीच्या आधीच्या रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीत, नव्या बुटांसह हजर होतो. चढण दमछाक करणारी आहे यात शंका नाही. मात्र माथ्यावर पोचल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही यांची हाक त्याला ऐकू येते, आणि ‘एवढं चढून आलोय’ या एका वाक्याने सगळ्या पथ्याची सोडवणूक होते. याहून मोठी गंमत सोमवारच्या रक्तात दडलेली असते. सवय नसलेल्या स्नायूंना असा अचानक ताण दिला की त्यांतील काही विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, रक्तात उतरतात, आणि त्यांपैकी एसजीओटी हे विकर यकृताच्या चाचणीतही मोजले जाते. परिणामी कोलेस्टेरॉल दोन-चार अंकांनी उतरवण्यासाठी गड चढलेल्या गृहस्थाच्या अहवालात यकृताच्या रकान्यापुढे नवा ‘एच’ उमटतो, आणि आयुष्यात मद्याला न शिवलेल्या त्या माणसाला कंपनीचे डॉक्टर आवाज खाली आणून ‘किती घेता?’ असे विचारतात.

तपासणीच्या सकाळी कॅन्टीनची किंवा बैठकीच्या खोलीची जी कळा होते ती निरीक्षणाच्या दृष्टीने फार मोलाची असते. रात्रीपासून बारा तास उपाशी असलेले शंभरेक लोक टोकन हातात घेऊन बसलेले असतात, त्यांच्या नाकासमोर नंतरच्या न्याहारीचे पोहे आणि चहाचा थर्मास मांडून ठेवलेला असतो, आणि लॅबचा मुलगा ज्याच्या त्याच्या दंडाला पट्टा आवळून ‘मूठ बंद करा, मोठा श्वास घ्या’ असे एका सुरात सांगत साखरेसाठी करड्या बुचाची, रक्तपेशींच्या गणतीसाठी जांभळ्या बुचाची आणि कोलेस्टेरॉलसाठी पिवळ्या बुचाची नळी भरत जातो. मॅनेजर आणि हेल्पर यांच्यात या तासाभरात उरलेला फरक एवढाच की मॅनेजर सुई टोचताना छताकडे पाहतो. ‘पाणी प्यायलेलं चालतं का’ हा प्रश्न रांगेत प्रत्येक जण विचारतो आणि ‘चालतं’ हे उत्तर मिळूनही कोणी पीत नाही. खरे पाहता हा बारा तासांचा उपवास कोलेस्टेरॉलसाठी फारसा नसतोच. जेवणानंतर एकूण कोलेस्टेरॉल व एलडीएल फार हलत नाहीत, हलतात ते साखर आणि ट्रायग्लिसराइड, आणि युरोपातील तज्ज्ञांच्या २०१६ च्या एकमताने तर नेहमीच्या लिपिड चाचणीसाठी उपाशी राहण्याची अटच काढून टाकली. उलट ज्या गोष्टीने आकडा खरोखर उतरतो तिचे श्रेय कोणीच घेत नाही: उभ्या माणसाच्या रक्तातील पाणी काही प्रमाणात बाहेर झिरपून रक्त दाट होते, तो बसला की ते परतते, आणि वीस मिनिटे स्वस्थ बसल्याने कोलेस्टेरॉलचे मोजमाप काही टक्क्यांनी कमी भरते. म्हणजे रांग हळू चालली म्हणून मनुष्यबळ विभागाला शिव्या देणाऱ्याचे जितके भले त्या रांगेने केले तितके दुधीने केले असेलच असे नाही.

अहवाल आल्यावर परीक्षार्थी प्रथम ठळक ठसा मोजतो. लिपिड प्रोफाइलमध्ये आठ-दहा ओळी असल्या तरी प्रत्यक्षात मोजलेले आकडे बहुधा तीन-चारच असतात, बाकीचे गणिताने काढलेले असतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा केला की एलडीएल निघते, हे सूत्र फ्रिडेवाल्ड यांनी १९७२ साली मांडले, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की ते लागू पडत नाही. व्हीएलडीएल म्हणून जी स्वतंत्र ओळ दिसते ती पुष्कळदा तोच पाचवा भाग असते, आणि त्याखालची गुणोत्तरे याच आकड्यांना एकमेकांनी भागून मिळालेली असतात. एकटे ट्रायग्लिसराइड वाढले तरी तीन ओळी ठळक होतात आणि आपल्याला एकदम तीन आजार झाल्याची समजूत होऊन माणूस घरी फोन लावतो.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चढउतार. एकाच माणसाचे रक्त दोन निरनिराळ्या दिवशी तपासले तर, त्याने खाण्यात तसूभरही बदल केलेला नसताना, एकूण कोलेस्टेरॉलमध्ये पाच-सहा टक्क्यांचा फरक सहज पडतो, ट्रायग्लिसराइडमध्ये त्याच्या कितीतरी पट पडतो, आणि हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा आकडा थोडा वरच भरतो. गेल्या वर्षीच्या २३८ चे यंदा २२७ झाले म्हणून ज्याने ओट्सवाल्या सहकाऱ्याचे जाहीर आभार मानले आणि ज्याने २२७ चे २३८ झाले म्हणून बायकोच्या फोडणीला दोष दिला, त्या दोघांच्याही रक्तात कदाचित काहीच घडलेले नसते. पंधरवड्याने काहीच होत नाही असे मात्र नाही. मद्य, गोड आणि मैदा बंद केला तर ट्रायग्लिसराइड आठवड्याभरातही बरेच उतरते, आणि तूप-लोणी खरोखर कमी केले तर दोन-तीन आठवड्यांत एलडीएलही थोडे हलते. खरी अडचण इथेच सुरू होते, कारण जो यशस्वी झाला त्याने डॉक्टरला पन्नास आठवड्यांचे नव्हे तर दोन आठवड्यांचे रक्त दाखवलेले असते. डॉक्टर त्यावर विश्वास ठेवतो, ‘छान आहे, असंच चालू द्या’ म्हणतो, आणि रुग्ण त्या शब्दाचा मान राखून त्याच संध्याकाळी ‘ये रे माझ्या मागल्या’ म्हणत जे चालू होते ते चालू देतो.

याहून पुढे जाऊन काही जण सहकाऱ्याची गोळी आठ दिवसांपुरती उसनी घेतात. ही गोळी म्हणजे स्टॅटिन. टोकियोतील संशोधक अकिरा एन्दो यांनी हजारो बुरशींची चाचपणी करून १९७३ च्या सुमारास तांदळावरील एका निळसर बुरशीतून या वर्गातील पहिले द्रव्य मिळवले, आणि यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची एक पायरी अडवून ते काम करते. अमेरिकेत १९८७ साली या वर्गातील पहिले औषध वापरात आले आणि तेव्हापासून त्याने असंख्य लोकांचे झटके टाळले. परंतु ज्याने ते आठवडाभर चोरून घेतले त्याने आपला रोग फक्त डॉक्टरपासून लपवला, रोहिणीपासून नव्हे. ‘एकदा गोळी लागली की जन्माची लागते’ या धास्तीने तो असे करतो. वस्तुतः गोळी द्यावी की नाही हे एका आकड्यावर क्वचितच ठरते. वय, रक्तदाब, साखर, तंबाखू आणि घराण्यात लवकर आलेले हृदयविकार हे सारे एकत्र पाहून ते ठरते, फक्त एलडीएल १९० च्या पुढे असेल तर त्या एकट्याचीच दखल घ्यावी लागते, कारण असा आकडा पुष्कळदा जनुकांतून आलेला असतो आणि तो भावंडांत व मुलांतही शोधावा लागतो. नोकरीची भीतीही बहुतेक ठिकाणी अनाठायीच असते. क्रेनचालकाची नजर किंवा भट्टीवरच्या कामगाराचा रक्तदाब यांवरून काम बदलले जाऊ शकते, मात्र एकूण कोलेस्टेरॉल २३८ आहे म्हणून कोणाला संगणकापुढे बसण्यास अपात्र ठरवल्याचे सहसा ऐकिवात येत नाही.

तात्पर्य, ही अशी परीक्षा आहे जिच्यात कॉपी करून पास होणारा एकटाच नापास होतो. ज्यांच्या कार्यालयात सूचना लागली असेल त्यांनी त्या दोन आठवड्यांत रोज जे खातात तेच खावे, आदल्या दिवशी गड चढू नये, चालू असलेली औषधे मनाने थांबवू वा वाढवू नयेत, सांगितले असेल तितकेच तास उपाशी राहावे, पाणी प्यावे, आणि रक्त खरे द्यावे. अहवाल हाती आल्यावर मग पथ्य सुरू करावे: तूप, लोणी, खोबरेल, बेकरीचा माल आणि तळण यांबाबत हात आखडावा, रोज एक वाटी कडधान्य तर्रीविना खावे, आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास दम लागेल असे चालावे, तंबाखू सोडावी, आणि हे सारे तीन महिने करून स्वतःच्या खर्चाने लिपिड प्रोफाइल पुन्हा एकदा करून घ्यावी. त्या दुसऱ्या अहवालातही एलडीएल उतरलेले नसेल तर तो अहवाल साड्यांच्या घडीखाली न ठेवता डॉक्टरकडे न्यावा आणि गोळी दिली तर ती घ्यावी.